उलटं करून पाहणारे नाना

नाना सोनवणे कुठलीही वस्तू आधी उलटी करून पाहत. चहाची बशी, टेबलफॅन, माझं मनगटी घड्याळ, कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर, काहीही. वरची बाजू विकणाऱ्यासाठी असते आणि खालची दुरुस्त करणाऱ्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला मी रुजू झाले त्या दिवशी माझा नवाकोरा जेवणाचा डबा त्यांनी असाच उलटा केला. आत वांग्याची भाजी होती. रस्सा हजेरीपटावर गेला आणि नाना शांतपणे म्हणाले, "म्याडम, याना वायसर गयेल शे."

वायसर खरंच गेलेलं होतं. नानांवर धड रागावताही येत नसे, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असत, आणि तरीही समोरच्याचं नुकसान झालेलं असे.

ते इलेक्ट्रॉनिक्स विभागात प्रयोगशाळा सहायक होते. मूळचे पिंपळनेरचे. पंचवीस वर्षं जळगावात काढूनही घरात आणि कॉलेजात अहिराणीच बोलत, प्राचार्यांशीसुद्धा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर आणि चुन्याच्या रिकाम्या डबीत स्क्रू. मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासता तपासता ते प्रोग्रॅम लिहायला शिकले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्यांची दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की आजही कानात वाजतात. पहिलं, "पयले समजू द्या." दुसरं, "जे उघडता येत नही, ते आपलं नही."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. रावेर-यावलच्या बागांतून केळीवरच्या करप्याच्या नोंदी मी पाच वर्षं गोळा केल्या होत्या आणि आता प्रबंध लिहायला बसले होते. धुळ्याचे माझे मार्गदर्शक जूनच्या अखेरीस निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध दाखल झाला नाही तर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, पुन्हा पहिल्यापासून. भारनियमनामुळे लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून परदेशातल्या भावाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला होता. त्या लॅपटॉपला जळगावचा उन्हाळा सोसेना. दुपारी वीस मिनिटं चालला की तापून आपोआप बंद पडे. आत पंखा होता, पण तो अगदी शेवटच्या घटकेला फिरायचा. तो कधी लावायचा हे कंपनीने आतल्या आत ठरवून ठेवलेलं. कळ नाही, बटण नाही.

मी तो नानांकडे नेला, ही माझी पहिली चूक. त्यांनी तो अर्थातच उलटा केला.

"पंखा तुमना, बॅटरी तुमनी, मंग हुकूम कंपनीना काबरं?" ते म्हणाले.

"नाना, मला हुकूम नको, पंखा हवाय. दोन दिवसांत होईल?"

"पयले समजू द्या."

तिसऱ्या दिवशी पाहते तर लॅपटॉपवर माझी नेहमीची चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून नानांनी त्यात लिनक्स नावाची दुसरीच कार्यप्रणाली घातली होती. मी जवळजवळ किंचाळले, "माझा प्रबंध?"

"तो त्याना खोलीमा शे. मी हात बी लावेल नही." डिस्कचे दोन भाग करून त्यांनी शेजारी दुसरी खोली बांधली होती. या लिनक्ससाठी परदेशातल्या एका माणसाने एक ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या अवयवांशी बोलणारा छोटासा प्रोग्रॅम. एका फाईलमध्ये एक लिहिलं की पंखा सुरू, शून्य लिहिलं की बंद. विशेष म्हणजे तो कसा लिहिलाय ते कुणालाही वाचता येत होतं. नाना हे सांगताना लहान मुलासारखे खुलले होते. मी विचारलं, "मग पंखा सुरू करा ना!" तर म्हणाले, "तो तुमना मॉडेलले वळखत नही."

पुढचे दहा दिवस नानांनी त्याची ओळख करून दिली. प्रत्येक अवयवाला एक क्रमांक असतो म्हणे. पंख्याचा क्रमांक शोधताना एके दिवशी सकाळी दहाला त्यांनी भलताच क्रमांक लावला आणि अख्खा पडदा काळा ठिक्कर पडला. त्या दिवशी सातपासून मी त्याच लिनक्सच्या दुसऱ्या खिडकीत एक लांबलचक तक्ता टाइप केला होता आणि सेव्ह केला नव्हता. मी रडायचीच बाकी होते. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला असता तर तक्ता गेलाच असता.

"तक्ता कोठे गया नही," नाना म्हणाले. "पडदाना दिवा गया. अक्षरं तठेच शेतस."

त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडक्यांचे पडदे ओढायला लावले, माझ्या हातात टॉर्च दिली आणि ती लॅपटॉपच्या पडद्यावर तिरकी धरायला सांगितली. खरोखर, पाण्याखाली दिसावीत तशी अक्षरं अंधूक दिसत होती. मी टॉर्च धरून उभी, नाना एका बोटाने टाइप करताहेत, आणि घामाचा थेंब कळफलकावर पडू नये म्हणून दोघंही मान मागे ताणून. पाऊण तासाने दिवा लागला. माझा तक्ता जिथल्या तिथे होता. मी आभार मानले नाहीत. इतका वेळ घाबरवल्यावर आभार कसले मानायचे!

शेवटी पंखा फिरला. सकाळी सातला सुरू केला की दिवसभर छान चालायचा. पण आता सकाळी मला परीक्षेची ड्युटी असे, आणि दुपारी दोनला सुरू करायला जावं तर ड्रायव्हर साफ नकार द्यायचा. सकाळी हो, दुपारी नाही. मे महिना अर्धा उलटला होता आणि माझी दोन प्रकरणं बाकी होती. मी नानांवर चक्क ओरडले. ते बाहेर गेले आणि केळीच्या खांबाची ताजी, पाणीदार सालं, म्हणजे सोपटं, घेऊन आले. ती टेबलावर अंथरून त्यांनी वर लॅपटॉप ठेवला. सोपट माठासारखं थंड असतं. दहा मिनिटांनी ड्रायव्हर मुकाट्याने सुरू झाला.

मी वनस्पतिशास्त्राची बाई. केळीचा चीक काय करतो हे मला चांगलं ठाऊक होतं आणि मी ते सांगितलंही. पण ऐकतील ते नाना कसले! आठवड्याभरात लॅपटॉपच्या पोटावर हाताएवढा काळा डाग पडला, तो घासलेटनेही निघाला नाही.

दरम्यान नानांनी सगळा ड्रायव्हर छापून काढला. प्रयोगशाळेच्या फरशीवर कागदाची लांबच लांब पट्टी अंथरून, हातात पेन्सिल घेऊन, सातबारा वाचावा तसा ते तो ओळीओळीने वाचत बसत. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. "आठे लिखेल शे," एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले. लिहिणाऱ्याने खबरदारी घेतली होती. सुरू करतानाच, म्हणजे यंत्र थंड असताना, आतलं तापमान चाळीसच्या वर दिसलं तर तापमापक बिघडला समजायचं आणि पंख्याला हात लावायचा नाही. त्या बिचाऱ्याच्या गावी खोलीत चाळीस अंश कधी झालेच नसतील. नानांनी चाळीस खोडून पंचावन्न केले आणि भर दुपारी, सोपटाशिवाय, पंखा घुंऽऽ करून फिरला.

आता तरी सुटले असं मला वाटलं. पण नानांना ही दुरुस्ती त्या माणसाला कळवायची होती, आणि नानांचं इंग्रजी वाचण्यापुरतंच. मग स्टँडजवळच्या सायबर कॅफेत माझी वरात. इथे मेमध्ये खोलीतच पंचेचाळीस अंश असतात, असं नाना अहिराणीत सांगणार, मी इंग्रजीत टाइप करणार. त्या माणसाचं उत्तर आलं, अतिशय सभ्य: खोलीत पंचेचाळीस शक्य वाटत नाही, कृपया आपला तापमापक तपासावा.

नाना इतके दुखावलेले मी कधी पाहिले नव्हते. "मना थर्मामीटर बराबर शे. त्याले लिखा, मे महिनामा जळगावले ये म्हना!"

मी ते बरंच सौम्य करून लिहिलं. तरी नानांनी प्रयोगशाळेतल्या तीन थर्मामीटरांवर सात दिवस घेतलेल्या नोंदी जोडायला लावल्याच. माझा प्रबंध अडलेला, आणि मी जळगावच्या उन्हाची साक्ष देत बसलेली! आठवड्याने उत्तर आलं. त्याने दुरुस्ती स्वीकारली होती, मदत करणाऱ्यांच्या यादीत घालायला नाव मागितलं होतं. नाना म्हणाले, "नाव कसाले?" मीच वैतागून 'रघुनाथ सोनवणे, जळगाव' असं टाइप केलं आणि घरी आले.

प्रबंध जूनमध्ये दाखल झाला, मार्गदर्शकांच्या निवृत्तीच्या पाच दिवस आधी. बांधून आलेली प्रत मी मोठ्या दिमाखात विभागात नेली. नानांनी ती सवयीप्रमाणे उलटी केली, शिवण पाहिली, मग ते पहिल्यापासून पानं उलटू लागले. ऋणनिर्देशाच्या पानावर थांबले. त्या पानावर ओळीवर बोट ठेवून ते सावकाश वाचत गेले, ड्रायव्हर वाचला होता तसेच. मार्गदर्शक, प्राचार्य, विभागप्रमुख, भाऊ, नवरा, रावेरचे बागायतदार, अगदी धुळ्याचा बाइंडरसुद्धा. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि माझ्या लक्षात आलं, त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

खरं सांगायचं तर मी विसरले नव्हते. त्या महिन्यात मी त्यांच्यावर इतकी चिडले होते, आणि प्रबंधात प्रयोगशाळा सहायकाचं नाव कोण घालतं, हेही मनात होतंच. दोन्हींची मला आज लाज वाटते.

"नाना, ते..." मी सुरुवात केली.

"दुपारले पंखा चालना ना?" त्यांनी प्रत मिटून माझ्या हातात दिली. "मंग झायं."

दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन पिंपळनेरला गेले. पुढे तिथेच वारले. मुलाचं पत्र मला मिळालं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. मी जुना लॅपटॉप काढला. तो आता सुरू होत नाही. उलटा केला, डाग तसाच आहे. मग कॉलेजच्या संगणकावर त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती उघडून पाहिली. मदत करणाऱ्यांच्या यादीत, चारपाच परक्या नावांखाली, नाव होतं. ज्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं त्याने ते जपून ठेवलं होतं.

माझ्या प्रबंधाची एक प्रत धुळ्याच्या ग्रंथालयात आहे. मागच्या खेपेला मी ती मागवली आणि ऋणनिर्देशाचं पान उघडून पेन काढलं. ग्रंथपाल बाईंनी लगेच टोकलं, "म्याडम, पुस्तकात लिहायचं नाही." मी ते माझंच पुस्तक आहे म्हणाले. नियम सगळ्यांना सारखा, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

म्हणून इथे लिहिते. रघुनाथ सोनवणे, प्रयोगशाळा सहायक, राहणार पिंपळनेर. त्यांच्याशिवाय माझा प्रबंध पुरा झाला नसता.