पाण्याला केलेला नमस्कार

ज्या गोष्टीच्या पुस्तकावर मी वाढले, त्याचा सिनेमा झाला आणि त्या सिनेमाने माझ्या बापाला मालगुजाराच्या पाया पाडलं. हे मी विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही.

पुस्तक म्हणजे एक पातळ चोपडं. बाबांनी पवनीच्या बाजारातून ते पत्रकांच्या गठ्ठ्यासोबत आणलं होतं. बाबा ढिवर. सकाळी गावच्या तलावात जाळं टाकायचे आणि जिथे सभा असेल तिथे सायकलने जाऊन पत्रकं गोळा करायचे. तलावाचा लिलाव बंद करा, धानाला भाव द्या, असली. आमच्या घराच्या भिंतींवर आतून सगळी पत्रकंच चिकटवलेली होती आणि माझी बाराखडी त्या भिंतींवर झाली. त्यात हे एकच चित्रांचं. एक ढिवराची पोर, तिचं पाणमांजर, आणि पानागणिक मिशा वाढत जाणारा एक मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार. तो तलावाला काट्यांचं कुंपण घालतो. पोर आणि पाणमांजर मिळून तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडतात. पाणी सगळ्यांच्या धानात जातं आणि मालगुजार चिखलात बसून मिशा धुतो. गावातल्या सगळ्या पोरांनी ते आमच्या घरी येऊन वाचलं होतं. बोटं लागून लागून पाणमांजराचे कान पुसट झाले होते.

मी कॉलेजात जायला लागले तेव्हा त्याच गोष्टीचा, खऱ्या माणसांना घेऊन, सिनेमा काढायला शहरातले लोक आमच्याच तलावावर आले. मालगुजारी कधीच गेली होती, पण आमच्या गावच्या जुन्या मालगुजाराच्या नातवाला गाव अजून मालकच म्हणायचं. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून त्याची जमीन आणि बंगला. सिनेमावाल्यांना दोन्ही हवे होते. गावाला याचा आनंदच झाला. आपल्या लहानपणची पोर आता चालणार, बोलणार. म्हाताऱ्या बायासुद्धा विचारायच्या, "पाणमांजर खरं आणलं का वो?"

शूटिंगला ढिवर पाहिजे होते. बाबा नवं धोतर नेसून गेले. दिग्दर्शक म्हणाला, "काही अभिनय करू नका. जाळं टाकण्याआधी रोज जे करता, तेच करा." आमच्यात जाळं टाकण्याआधी पाण्याच्या पाया पडतात. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, जाळं खांद्यावर, हात जोडायचे आणि कपाळ पाण्याला टेकेल इतकं वाकायचं. बाबा आणि त्यांचे सोबती तसे वाकले. समोर फक्त पाणी होतं. मी पाळीवर उभी राहून पाहिलं आहे. मालगुजाराचं काम करणारा नट तर गावात आलासुद्धा नव्हता.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या मंडईच्या दिवसांत तंबूतला सिनेमा आला आणि आम्ही सगळे तो पाहायला गेलो. पोर होती, पाणमांजरही होतं. पण मालगुजार देवमाणूस होता. तुडुम उघडणारी पोर चोर ठरली, तिच्यामुळे गाव बुडालं, आणि शेवटी ती त्याचीच हरवलेली नात निघाली. मग पडद्यावर मालगुजार पाळीवर येऊन उभा राहिला, आणि त्याच्या पुढ्यात गुडघाभर पाण्यात सगळे ढिवर माफीसाठी वाकले. सगळ्यात पुढे बाबा. ओली पाठ, जोडलेले हात. पडदाभर.

बाबा उठून बाहेर गेले. मालक पुढच्या खुर्चीवर होता. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तोच हसत सांगत होता, "मी तर पहिलेच सांगितलं, आजोबाले चांगलं दाखवान तरच बंगला भेटन."

त्यानंतर बाजारात मासोळी घेऊन बसलेल्या बाबांना लोक विचारायला लागले, "काय गा, आज कोनाच्या पाया पडून आला?" कोणी नुसतेच हात जोडून वाकून दाखवायचं. लिलावाविरुद्ध गावातून पहिली सही करणारा माझा बाप. त्याने बाजारात बसणं सोडलं, सभांना जाणं सोडलं. आई टोपलं घेऊन जायला लागली. बाबा अंगणात भिंतीकडे तोंड करून बसायचे.

मी पत्रक लिहिलं. दुसरं काय येत होतं मला? "हा नमस्कार मालगुजाराला नाही" असा मथळा दिला, हाताने प्रती काढल्या, मंडईत वाटल्या. लोकांनी त्यात फुटाणे बांधून घेतले.

माझा मामा गावची दंडार चालवायचा. मंडईच्या दिवशी भर दुपारी चौकात ढोलकी वाजवून ही पुरुषमंडळी सोंगं काढतात, नाच आणि बोलाचाली करतात. मी त्याच्याकडे गेले.

"मामा, माले एक सोंग लिहून द्यायचं आहे."

"तुया लिवण्यात जाहीर निषेध असते माय. त्याच्यावर नाचाव कसं?"

"निषेध नाही घालत. हसवतो म्हटलं तं?"

"कोनाले हसवाचं हाय?"

"मालकाले सोडून साऱ्यायले."

मामाने बिडी विझवली. "मंग मालक मीच होतो," म्हणाला. "पोट हायच मायं."

आसगावच्या मंडईत मालक पाहुणा म्हणून पुढे बसला होता. त्याच्या समोर मामा सुताच्या मिशा लावून आला. चार ढिवर जाळी घेऊन वाकले. मामाने लगेच आशीर्वादाचा हात वर केला. पहिला ढिवर म्हणाला, "आमी पान्याच्या पाया पडून राहिलो मालक. तुमी जरा बाजूले सरका." मामा इकडे सरकला. ढिवर तिकडे वळून वाकले. मामा पळत तिकडे जाऊन उभा. "मालक, सरका." कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी मामा धावत जाऊन आशीर्वाद द्यायचा. शेवटी एक बकरी पाणी प्यायला वाकली, आणि मामा तिच्याही पुढे. लोक जमिनीवर लोळले. मालक उठायला लागला तसा मागून आवाज आला, "सरका मालक, दिसून नाही राहिलं."

त्या आठवड्यात तंबूत तो प्रसंग आला की सगळं गाव एका सुरात ओरडायचं, "सरका मालक!" पोरं बंगल्यावरून जाताना मुद्दाम वाकायची. मालकाने पानठेल्यावर येणं सोडलं. माझं मन भरलं नव्हतं.

मग एका सकाळी त्याचे दिवाणजी आमच्या अंगणात आले. "मालक म्हणते, झालं गेलं सोडा. करडीच्या मंडईत ते सोंग नका काढू. घरच्या बाया बाहेर निघत नाही आता."

बाबा बऱ्याच दिवसांनी नीट बसले. "मी काय सांगू दिवाणजी? लिवणारी घरात हाय. तिलेच इचारा."

मी म्हटलं, "करडीसाठी मालकाचं काम वाढवलं आहे. आता तो म्हशीसमोरही उभा राहते."

दिवाणजींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईच्या हातातलं मासोळीचं टोपलं घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि दिवाणजींना म्हणाले, "चला, मीबी तिकडंच चाललो, बाजारात."