स्वखुशीने घरी नेत आहोत

"हिला घरी न्या. खाट अडवून काय उपयोग?"

मोठ्या डॉक्टरनं हे मायच्या पायाशी उभं राहून म्हटलं. नाकावर रुमाल. मायला गर्भपिशवीचा कॅन्सर होता, अंगाला वास येत होता, कबूल. पण तिला ऐकू येत होतं ना! बराबर ऐकू येत होतं. तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, जसं काय तो वास तिनंच मुद्दाम आणला होता.

दवाखान्याचं नाव सांगत न्हाई. नाव घेतलं की लगेच विचारतेत, पुरावा काय.

मी नववीत होते. आम्ही जाफराबादकडच्या एका खेड्यातले, बौद्ध. दादा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच्या रानात मजुरीला. डॉक्टरनं आडनाव विचारलं, मंग गावात घर कुठं ते विचारलं. दादा म्हणाले, "विहाराजवळ, साहेब." डॉक्टर सिस्टरकडं बघून हसला. "यांच्यात सोसायची ताकद भारी असते."

शेजारच्या खाटेवर एका बागायतदाराची म्हातारी होती. तिलाही तसलाच आजार. तिला दुखलं की सुई मिळायची आणि ती शांत पडायची. माय उशी चावायची. दादांनी विचारलं तर सिस्टर म्हणाली, "ते औषध संपलंय." दुपारी म्हातारीला परत सुई दिली. खरंच संपलं होतं? का म्हातारीच्या पोरांनी बाहेरून आणून दिलं होतं? आजपर्यंत मला कळलेलं न्हाई. तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाकडं न्हाई, हाताकडं बघते.

मंग कागद आला. कोरा. सिस्टरनं विचारलं, "लिहिता कुणाला येतं?" दादांनी मला पुढं केलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "आम्ही आमच्या पेशंटला स्वखुशीने घरी नेत आहोत. पुढे जे होईल त्यास आम्ही जबाबदार आहोत."

शुद्धलेखनाच्या तासाला लिहावं तसं लिहिलं मी. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. शाळेत अक्षरात माझा पहिला नंबर होता. दादांनी खाली अंगठा लावला. आणि माय? माय त्या म्हातारीला म्हणाली, "बघा वं आक्का, माझ्या पोरीचं अक्षर."

आठवलं की अजून स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावं वाटतं.

काळीपिवळी जीप करून तिला घरी आणलं. पत्र्याच्या घरात माय अकरा दिवस ओरडली. औषध काय, तर तापाच्या गोळ्या. चौथ्या दिवशी दादा परत दवाखान्यात गेल्ते. तिथल्या सिस्टरनं माझाच कागद दादांपुढं धरला. "तुम्हीच लिहून दिलंय ना, स्वखुशीने?" दादा परत आले ते माझ्याशी बोललेच न्हाईत. मायनं मात्र विचारलं, "काय लिवलं व्हतंस गं त्येच्यावर?"

मी खोटं बोलले. "नाव-गाव लिवलं, माय."

त्या खोट्यावरच ती गेली.

आता मी मंठ्याला शाळेत शिकवते. पोरांचं शुद्धलेखन तपासते. आणि संशयी आहे, बिलकुल संशयी. नवरा चिडवतो, "तू तर दूधवाल्याकडूनबी सही घेशील." घेईन की!

यंदा दादांना घशाचा कॅन्सर निघाला. दवाखाना दुसरा. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्याची मला जास्तच धास्ती वाटते. कागद आता छापील झालाय, खाली फक्त सही करायची. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. घरच्यासारखी सेवा इथं होत नाही." मी कागद सगळा वाचला. तोच शब्द होता. स्वखुशीने.

दादांना विचारलं. आवाज निघत न्हाई, नुसते कुजबुजले, "घरीच जायचंय मला. पर तुझ्या मायसारखं न्हाई."

मी डॉक्टरला म्हणाले, "दुखणं थांबवायचं औषध हातात द्या. आत्ता नेते."

"ते आमच्याकडे नसतं."

"मंग नसतं असं लिहून द्या. शिक्का मारून."

"असं लिहून देता येत नाही, मॅडम."

"आमच्याकडून बरं लिहून घेता येतं!"

छापील ओळीवर मी आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, "पेशंटला घरी जायचे आहे. वेदनेचे औषध मागितले, दिले नाही. औषधाशिवाय नेणार नाही." कागद दादांपुढं धरला. माय गेल्यावर मी त्यांना सही शिकवली होती. एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं त्यांनी. अंगठा न्हाई. मी फोटो काढून घेतला.

"अशानं पेशंटचेच हाल होतील," डॉक्टर म्हणाला. काळजी होती का धमकी? मी धमकी धरली.

तीन दिवस झाले. कागदावर पोच म्हणून शिक्का मारायला कुणी तयार न्हाई. त्याचीच नक्कल मी जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत दिली, तिथं मात्र शिक्का घेऊनच उठले. दादा उशी चावून राह्यले. ते बघवत न्हाई, खरं सांगते. काल विचारलं, "दादा, जायचं का तसंच?" त्यांनी मान हलवली. न्हाई.

सिस्टर आत्ताच विचारून गेली, "खाट कधी रिकामी करता?"

औषध आणा, त्याच घटकेला करते. माझा बाप त्याच्या घरात मरंल, न ओरडता मरंल. तवर मी दादांच्या खाटेजवळच्या या स्टुलावरून उठत न्हाई, आणि तो शब्द माझ्या हातून परत कुणाला लिहून मिळणार न्हाई.