बारीक पाय

गुढियारीत आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, झाडून सगळ्या बायांचे ब्लाउज आई शिवायची. माझ्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मापाच्या त्याच टेपनं ती दर रविवारी माझ्या मांड्या मोजू लागली. महिने उलटले, व्यायाम करकरून मी घाम गाळला, तरी डावी मांडी उजवीपेक्षा बारीकच. राज्याच्या ज्युनिअर फुटबॉल संघाची निवड तोंडावर आली होती आणि वयामुळे माझी ती शेवटचीच संधी होती. पण आईचा हेका सुटत नव्हता.

"दोन्ही पाय सारखे झाल्याशिवाय मैदानावर जायचं नाही. काहून घाई करून राहिली? टेप खोटं बोलत नाही."

मी संतापायचे. ब्लाउजात आणि गुडघ्यात काही फरक आहे की नाही! शेवटी माझ्या फिजिओथेरपिस्ट दीदींनी तोड काढली: मशीनवर ताकद मोजू, मग ठरवू. आई हो म्हणाली, पण टेप पर्समध्ये टाकूनच शंकर नगरला दीदींच्या क्लिनिकमध्ये निघाली.

मशीन म्हणजे पट्ट्यांची एक भक्कम खुर्ची. पाय बांधून सगळ्या जोरानं गुडघा सरळ करायचा, मग तितक्याच जोरानं मागं ओढायचा. माझ्या आधी तिच्यावर एक व्यावसायिक खेळाडू बसली होती. तिच्याही डाव्या गुडघ्याचं पूर्वी ऑपरेशन झालेलं. तिचा जोर पाहून मी बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या. मग माझी पाळी आली आणि मी दातओठ खाऊन भिडले.

दीदींनी दोघींचे आलेख शेजारी ठेवले. "ताकत तो इनकी बहुत ज़्यादा है, होगी ही। लेकिन जैसे इनके दोनों पैर बराबर हैं, वैसे तुम्हारे भी हैं। खेलो।"

मी आनंदानं ओरडलेच. आईचं मात्र समाधान होईना. तिनं टेप काढला आणि सरळ त्या खेळाडूपुढं गेली. "बाई, जरा उभी राय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"अवो, हिचा बी डावा बारीक आहे!"

ती खेळाडू खळखळून हसली. "आंटी, इसी पैर से मेरी रोज़ी चलती है।" आईनं टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला.

निवडीच्या सकाळी तिनं मला नवी शॉर्ट्स दिली. डावी बाजू किंचित आत घेतलेली, कापड सैल पडून पाय बारीक आहे हे कुणाला कळू नये म्हणून. मी तिच्यासमोरच ती शिवण उसवली.

त्या दिवशी मी डाव्या पायानं गोल मारला, आणि दुपारी संघात माझं नाव पुकारलं गेलं. मी धावत आईकडं वळले, तर ती शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून माझ्याकडं बोट दाखवत होती.

"तो बारीक पाय दिसून राहिला ना? माह्या पोट्टीचा आहे!"