इराण्याचा पाव

"घरी कोन आजारी हाय?"

कुणी पाव मागितला की आमचा इराणी शेठ आधी हे विचारायचा. देवळाली प्रवरेत तेव्हा पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. उत्तर मिळालं की तो बजावायचा, "दुधात भिजवून दे. चहात नको." गिऱ्हाईक धडधाकट निघालं तर हाकलून द्यायचा, "घरी जाऊन भाकरी खा!" असा धंदा करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी शेजारीच शिवणकाम करायचो. हसून हसून माझी शिलाई वाकडी जायची.

इराणातून तो पोरवयात आलेला. बोली मात्र आमच्याहून गावरान. फक्त रागावला की फारसीत काहीतरी पुटपुटायचा, आणि मग स्वतःच हसायचा.

बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी दिसेनाशी झाली. खडी फोडून परतणारी माणसं पोटाला आधार म्हणून पाव घेऊ लागली. शेठने प्रश्न विचारणंच सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "आता काय इचारू? समदं गावच आजारी हाय."

मग मैदा मिळेनासा झाला, फळ्या रिकाम्या पडल्या आणि कुजबुज सुरू झाली. समोरचा सायकल दुरुस्तीवाला सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा, "परमुलखातला मानूस! त्याला आपलं काय पडलंय? पोती दडवलीत त्यानं." हाच लहानपणी आजारी पडला तेव्हा शेठचा पाव याच्या घरी गेलेला.

बाजारच्या दिवशी घोळका आला. मी दारात आडवा झालो, मला ढकलून दिलं. बरण्या फुटल्या. शेठला भट्टीपर्यंत फरफटत नेऊन मारलं. कोठीत निघाली रिकामी पोती. कपाटात मात्र फडक्यात बांधलेला एक पाव होता. मिळेल तेवढ्या मैद्यातून आजाऱ्यासाठी शेठ रोज एक राखून ठेवायचा. सायकलवाला तो घेऊन निघाला.

कपाळावरचं रक्त पुसत शेठने जमिनीवरूनच विचारलं, "घरी कोन आजारी हाय?"

सायकलवाला थबकला. "पोरगी," म्हणाला.

"दुधात भिजवून दे. चहात नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आणि त्याची बायको एस.टी.त बसून निघून गेली. कुठं, ते कुणी विचारलं नाही. मला गावाचा संताप आला होता, अजून येतो.

चार दिवसांनी सायकलवाला बंद दुकानापुढं येऊन उभा राहिला.

"शेठ कवा उघडनार वो?" त्यानं मला विचारलं. "पोरीचा ताप उतरंना. पाव मागती."

मी त्याला कुलूप दाखवलं.