मावशीनं नाकारलेली सुई

माझ्या मावशीइतका सुईवर विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या पांढुर्ण्यात सापडायचं नाही. डॉक्टरनं नुसत्या गोळ्या लिहून दिल्या की तिला फसवल्यासारखं वाटतं. शेजारी कुणाला कुत्रं चावो की पायात खिळा जावो, ही पदर खोचून त्याला दवाखान्यात नेणार आणि सुई टोचेपर्यंत तिथून हलणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दोन गावांची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा होते, तेव्हा तर तिला जेवायलाही फुरसत नसते. सावरगावचे असोत की पांढुर्ण्याचे, डोकी फुटलेल्या सगळ्यांना ती धनुर्वाताच्या सुईकडे हाकते. एका पहिलवानानं सुई पाहून डोळे मिटले, तर म्हणाली, “गोटा खाताना तं डोये उघडे होते न रे बापू?”

अशा मावशीकडे मी मोठ्या आनंदानं बातमी घेऊन गेले. कॉलेजात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्हीची लस मुलींनी घ्यावी, म्हणाल्या. ‘गर्भाशय’ शब्द आला की आम्ही सगळ्या विदुषी माना खाली घालून मोबाइल पाहत होतो. शेवटी “घरी विचारून सांगतो” म्हणत सगळ्या समोशांकडे वळल्या. मीही विचारायलाच आले होते. आई गेल्यापासून माझं घर म्हणजे मावशीच.

आणि मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा सुई नाकारली. “लग्नाच्या आधी असली सुई काहून? लोक काय म्हनतीन?” ही लस लवकर घेतलेलीच बरी, हे मी परोपरीनं सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. मला तिचा भयंकर राग आला. आईच्या आजाराला आमच्या घरात ‘पोटाचं दुखणं’ म्हणायची रीत होती. सौसरच्या नातेवाइकांनाही आम्ही तेच सांगत आलो. त्या रागात मी विचारलं, “मावशी, आईला हाच कॅन्सर झाला होता ना?”

तिचे हात थांबले. आईला नागपूरला नेणारी-आणणारी तीच होती. मेथी तशीच टाकून ती उठली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसली.

दवाखान्यात एरवी नर्सलाच शिकवणारी मावशी त्या दिवशी नुसती माझ्या शेजारी बसून होती. सुई टोचून झाल्यावर तिनं नर्सला हळूच विचारलं, “हे सुई हिच्या आईच्या वक्ती होती काय वं?”

“त्यांच्या तरुणपणी निघालीच नव्हती, मावशी. अन् आजार झाल्यावर हिचा उपयोग नाही होत.”

“मंग तिची सुई माह्याच्यानं राहून नाही गेली,” मावशी म्हणाली. माझ्या दंडावरचा कापूस तिनं दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी मी हात काढून घेतला नाही.