‘ठेवा’ लिहिलेली प्लेट

जालन्याच्या त्या लॅबमध्ये मी वीस वर्षं जंतू ओळखत होतो. माझी नवी सहकारी येऊन वर्षही झालं नव्हतं, तर डॉक्टर फोनवर म्हणायला लागले, "मॅडमला द्या जरा." मी फोन तिच्याकडे द्यायचो आणि आतल्या आत जळायचो.

जंतू वाढवलेल्या प्लेटा आम्ही दोन दिवसांनी टाकून द्यायचो. एखाद्या प्लेटची शंका आली की ती झाकणावर मार्करनं लिहायची, ‘ठेवा’.

शहागडचा एक मधुमेही माणूस, गोदाकाठच्या मळ्यात राबणारा, पंधरा दिवस तापानं फणफणत होता. त्याच्या रक्तात वाढलेला जंतू मी ‘रक्त घेताना बाहेरून शिरलेला’ म्हणून निकालात काढला. रक्ताची बाटलीही टाकून झाली.

तिनं प्लेट उजेडात धरली. "सर, याला जेंटामायसिन लागू पडत नाही. मेलिऑइडोसिस असेल, मातीतून होतो तो. अजून एक दिवस बघू, वाढीला सुरकुत्या पडतात का."

"जालन्यात? पुस्तकं जरा कमी वाचत जा, मॅडम."

ती हसली आणि ‘ठेवा’ लिहून घरी गेली.

सकाळी मी आधी पोचलो. सुरकुत्या पडल्या होत्या, सुकल्या बोरासारख्या. मी स्पिरिटच्या बोळ्यानं अक्षरं पुसली आणि प्लेट टाकायच्या डब्यात सरकवली.

"मावशीनं टाकली असेल," मी तिला सांगितलं. मावशी म्हणजे डबे रिकामे करणारी आमची बाई.

"मला वाचता येत न्हाई सायेब, पण तेवढं ‘ठेवा’ वळखू येतंय," मावशी म्हणाली. "त्याला म्या कधी हात लावला?"

"मंग काय उडून गेली?" लॅबचे मालक तिच्यावर ओरडले.

सगळ्यांसमोर मावशीला बोलणी बसली. मी उभा राहून ऐकली.

रक्त पुन्हा घेतलं, जंतू पुन्हा वाढवला. निदान मॅडमचंच बरोबर निघालं, पण त्यात चार दिवस गेले. माणूस वाचला नाही. चार दिवस आधी औषध मिळतं तर वाचला असता का, हे कुणालाच सांगता येत नाही. याच वाक्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं बसलो.

गेल्या महिन्यात मॅडमला सगळं सांगितलं.

"मावशीला सांगितलं?" तिनं विचारलं.

मावशी आता वाटूरला लेकीकडे असते. तिला सांगावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते हिला पहिल्याच वाक्यात सुचलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला हिचा हेवाच वाटला.