आल्याचा वास

आमच्या घरी आलं ठेचलं की गल्लीतले शेतकी खात्याचे साहेब दारात उगवायचे, चपला काढूनच. चहा होईस्तोवर टारफुला तणाचं पुराण चालायचं.

"भाऊ, त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राह्यते. ज्वारीच्या मुळानं रस सोडला का जागं होते, अन् मुळाले चिकटून तिलेच पिते. म्हणून आधी कपाशी पेरा. तिच्या रसानंही ते उठते, पण चिकटता येत नाही. उपाशी मरते."

मी विसरलो. बायको विसरली नाही. एकदा तिनं नुसतं आल्याचं पाणी उकळलं.

साहेब आले. एक घोट घेऊन थबकले.

"वहिनी, कपाशी पेरली का माह्यासाठी?"

आणि खूश होऊन, घरी न्यायला घेतलेली चायपत्तीची पुडी खिशातून काढली. "घ्या. दूध-साखर तेवढी तुमची."